देवाने दिलेले नाव

अपत्यप्राप्ती हे मनुष्याच्या कर्तृत्वाचे फळ नसून ईश्वराचे देणे आहे, ही भावना प्रकट करणारी नावे अनेक प्राचीन समाजांत आढळतात. भारतीयांचा ‘देवदत्त’ हा त्यांतील सर्वांत परिचित. शास्त्रग्रंथांत तर तो इतका रुळला आहे की, भात शिजवावयाचा असो, गावाला जावयाचे असो, अथवा दिवसा न जेवताही लठ्ठ राहावयाचे असो, दृष्टान्तासाठी पाचारण त्यालाच होते! वैयाकरणांनी त्याचे लाडाचे नावही सोडले नाही. पाणिनीच्या सूत्रांवरून ‘देविक’, ‘देविय’, ‘देविल’ ही रूपे सिद्ध होतात. नुसते ‘देव’ किंवा नुसते ‘दत्त’ म्हटले तरी चालते, असे महाभाष्य सांगते. दत्तात्रेयाचा घरोघरी दत्तू होतो, तो याच रीतीने.

ग्रीकांचा ‘थिओदोरोस’ म्हणजेही देवाचे देणे. त्यातील ‘दोरोन’ आणि संस्कृत ‘दा’ धातू यांचे मूळ एकच. पार्थियन राजांतील ‘मिथ्रदात’ हा उघड उघड मित्रदत्त होय. स्लाव लोकांच्या ‘बोगदान’ या नावातील ‘बोग’ हा देववाचक शब्द वैदिक ‘भग’ शब्दाच्या नात्यातला आहे. येथवर भाषाकुलाचा संबंध पुरतो. परंतु हिब्रू ‘नथनेल’ आणि अरबी ‘अताउल्ला’ यांचाही अर्थ हाच. त्या भाषांचे कुळ मात्र सर्वस्वी निराळे. तेव्हा हे साम्य केवळ शब्दांच्या वारशाचे नव्हे. पाळण्यापाशी उभ्या असलेल्या मातापित्यांच्या मनाचेच ते साम्य मानावे लागते.

अशा नावाचा एक विलक्षण पुरावा विदिशेजवळ, पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील बेसनगर येथे उभा आहे. तेथील स्तंभाला लोक ‘खांबबाबा’ म्हणून पूजीत. १८७७ मध्ये कनिंगहॅम यांनी तो पाहिला, तेव्हा शेंदराच्या जाड पुटाखाली अक्षरे दडलेली होती. ती १९०९ मध्ये उजेडात आली. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील तो ब्राह्मी लेख सांगतो की, देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज तक्षशिलेचा रहिवासी, दियाचा पुत्र, भागवत हेलिओदोर याने उभारविला. हा यवन राजदूत, महाराज अंतलिकिताकडून राजा भागभद्राकडे आलेला.

‘हेलिओदोरोस’ याचा अर्थ सूर्याचे देणे. त्याला ‘सूर्यदत्त’ हे संस्कृत नाव अगदी तयार होते. संन्यासग्रहणात पूर्वाश्रमीचे नाव सुटते. नवा धर्म स्वीकारताना नाव पालटण्याचा प्रघातही अनेक देशांत पडला. या यवनाने मात्र स्वतःला अभिमानाने भागवत म्हणविले आणि पित्याने दिलेले ग्रीक नाव तसेच ठेवले. प्राकृतात ते बसविताना लेखकाला थोडी काटछाट करावी लागली. ‘दिओन’चा ‘दिय’ झाला, ‘अंतिआल्किदास’चा ‘अंतलिकित’ झाला. पण हेलिओदोराचा सूर्यदत्त कोणी केला नाही, आणि वासुदेवाच्या स्तंभावर ते परके नाव कोणाला खटकलेही नसावे.