टूमस्टोनचा पांढरा गुलाब

घरामागच्या कुंपणावर पांढरा वेली गुलाब चढवायचा, असं तुमच्या मनात असेल तर नर्सरीत जाण्याआधी दहा मिनिटं द्या. या गुलाबाचा अमेरिकेतला इतिहास म्हणजे बाहेरून आलेल्यांचा इतिहास आहे. कोणाला आत घेतलं, कोणाला दारातच थांबवलं, आणि ‘इथलं’ हे लेबल कोणाला लागलं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे आपल्या घरात जेवताना निघणारेच विषय.

सुरुवात ॲरिझोनातल्या टूमस्टोनपासून करू. हे गाव तुम्ही सिनेमात पाहिलं असेल. १८७७ साली इथे चांदी सापडली, १८७९ मध्ये गाव वसलं आणि १८८१ मध्ये ओके कोरॅलजवळ ती प्रसिद्ध गोळीबाराची चकमक झाली. आजही पर्यटक त्या तीस सेकंदांसाठी येतात. पण तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, फोर्थ आणि टफनट रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एक गुलाबाचं झाड आहे. एकच बुंधा, आणि त्याच्या फांद्यांचा मांडव आठ हजार चौरस फुटांहून मोठा! नाशिकच्या द्राक्षबागेत पाहिला असेल तसा खांबांवर आणि पाइपांवर तोललेला मांडव, खाली बाकं टाकलेली. मार्च-एप्रिलमध्ये तो पांढऱ्याशुभ्र, रुपयाएवढ्या फुलांच्या घोसांनी भरून जातो. जगातलं सगळ्यात मोठं गुलाबाचं झाड म्हणून याची नोंद आहे.

ते तिथे आलं कसं? टूमस्टोनमध्ये सांगतात ती हकीकत अशी. खाणीतल्या एका इंजिनियरची, हेन्री गी याची, नवी नवरी मेरी स्कॉटलंडहून या धुळीच्या गावात आली. खाण कंपनीच्या बोर्डिंग हाउसमध्ये त्यांचा मुक्काम होता आणि ते चालवणाऱ्या अमेलिया ॲडमसनशी तिची मैत्री झाली. मेरीच्या घरच्यांनी स्कॉटलंडहून एक पेटी पाठवली. तिच्यात माहेरच्या बागेतली रोपं आणि फांद्या होत्या. मेरीने त्यातला एक पांढरा गुलाब अमेलियाला दिला आणि १८८५ साली तो घराच्या मागच्या अंगणात लावला गेला. गावात रेल्वे आली ती १९०३ मध्ये, म्हणजे त्या पेटीने बोट, आगगाडी आणि शेवटी घोडागाडी असा प्रवास केला असणार. भारतातून आलेली बॅग उघडल्यावर लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेला टॉवेल सोडवताना आपल्या आया ज्या हलक्या हाताने सोडवतात, तशीच ती पेटी उघडली गेली असेल, असं मला आपलं वाटतं.

आता गंमत अशी की माहेरचा म्हणून आलेला हा गुलाब मुळात स्कॉटलंडचाही नव्हता. त्याचं इंग्रजी नाव ‘लेडी बँक्स’. लंडनच्या क्यू बागेचे कर्तेधर्ते सर जोसेफ बँक्स यांच्या पत्नीचं ते नाव. बँक्सनी १८०३ मध्ये विल्यम केर नावाच्या माळ्याला चीनमध्ये कँटनला पाठवलं. पगार वर्षाला शंभर पौंड. परदेशी लोकांना चीनच्या आतल्या भागात फिरायला बंदी होती, म्हणून केरने रानावनात भटकून नाही, तर कँटनजवळच्या चिनी नर्सऱ्यांमधून झाडं मिळवली. हा दुहेरी पाकळ्यांचा पांढरा गुलाब १८०७ मध्ये इंग्लंडला पोचला. चीनमध्ये त्याला ‘मूशियांग’ म्हणतात, आणि तिथल्या माळ्यांनी तो त्याआधी कितीतरी पिढ्या जोपासला होता. त्या माळ्यांची नावं आपल्याकडे नाहीत. झाडाला नाव मिळालं ते लंडनमधल्या एका बाईंचं. (जाता जाता: केर ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी मार्गाने झाडं पाठवत होता, तीच कंपनी १८०३ च्या सप्टेंबरात असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी लढत होती. शाळेत आपण या गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत शिकतो.)

आता १८८५ कडे परत या. हा चिनी गुलाब ॲरिझोनात रुजत होता तेव्हा चिनी माणसांचं काय चाललं होतं? तीनच वर्षांपूर्वी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चायनीज एक्सक्लूजन ॲक्ट केला होता. चिनी मजुरांना देशात यायला बंदी, आणि जे आधीच आले होते त्यांना नागरिक व्हायला बंदी. एखाद्या देशाच्या लोकांचं नाव घेऊन दार लावणारा असा मोठा कायदा अमेरिकेत त्याआधी झाला नव्हता. खुद्द टूमस्टोनमध्ये चिनी वस्ती होती. हे लोक गावाचे कपडे धूत, खानावळी चालवत, भाजीपाला पिकवत. आणि त्याच गावात त्यांना हाकलून द्या म्हणणाऱ्या सभा भरत. गुलाबाला कोणी कागद विचारला नाही. तो स्कॉटिश नवरीच्या पेटीतून आला, तिच्या माहेरचा झाला आणि मग गावाचं भूषण झाला. तो कायदा रद्द व्हायला १९४३ साल उजाडलं.

त्याच १८८५ च्या वसंतात देशाच्या दुसऱ्या टोकाला, फिलाडेल्फियात, विशीत नुकतीच पाऊल टाकणारी एक मराठी मुलगी वैद्यकीचा अभ्यास करत होती. आनंदीबाई जोशी. चिनी मजुरांसाठी केलेला कायदा तिला लागू नव्हता. पण १९१७ मध्ये बंदीचा पट्टा भारतापर्यंत वाढवला गेला आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाही असं ठरवलं. ती वाट १९४६ मध्ये थोडीशी उघडली. आपल्यातल्या बहुतेकांचे आईवडील किंवा आजीआजोबा आले ते १९६५ च्या कायद्यानंतर. मला वाटतं, हे साल आपल्या घरांत जेवढं माहीत असायला हवं तेवढं नसतं.

दुसरा पांढरा गुलाब जॉर्जियातला. अटलांटाच्या आसपास राहत असाल तर हा पाहिलाच असेल: मोठी, एकेरी पाकळ्यांची फुलं, मधोमध पिवळे केसर आणि भरपूर काटे. नाव चेरोकी रोज. १९१६ मध्ये जॉर्जियाने याला राज्यपुष्प केलं आणि ठरावात ते इथल्याच मातीतलं असल्याचं म्हटलं. चेरोकी लोकांना १८३८ मध्ये सैन्याने घराबाहेर काढून ओक्लाहोमाकडे चालवत नेलं आणि वाटेत सुमारे चार हजार माणसं गेली. आयांचे अश्रू पडले तिथे हा गुलाब उगवला, पिवळे केसर म्हणजे लुटलेलं सोनं, सात पानं म्हणजे चेरोकींची सात कुळं, अशी आख्यायिका सांगतात. वनस्पतीशास्त्र वेगळं सांगतं. हे झाडसुद्धा चीनचंच. तिथे त्याची फळं औषधात वापरतात. आणि पान मोजून पाहा, बहुतेक वेळा तीनच पर्णिका निघतात. लोकांना हाकललं, त्यांचं नाव एका परदेशी झाडाला दिलं आणि मग ते झाड ‘इथलं’ ठरवलं. तरी मी त्या आख्यायिकेला हसणार नाही, कारण तिच्यातलं दुःख खरं आहे. आपणही दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण लावतो आणि झेंडू मेक्सिकोचा. सणाला तो हवाच.

तिसरा गुलाब न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. ट्रेलच्या कडेला जूनमध्ये पांढऱ्या बारीक फुलांचं काटेरी जाळं दिसतं ना, ते बहुतेक मल्टिफ्लोरा. पूर्व आशियातून हा आणला तो इतर गुलाबांची कलमं बांधायला खुंट म्हणून. १९३० च्या दशकात सरकारच्या मृदसंधारण खात्याने शेतकऱ्यांना तो लावायला सांगितला. माती धरून ठेवतो, जिवंत कुंपण होतं. त्याने सांगितलेलं काम जरा जास्तच नीट केलं. आज कित्येक राज्यांत तो उपद्रवी तण म्हणून यादीत आहे. बोलावून आणलेल्या पाहुण्याला घुसखोर म्हणायला पन्नास वर्षंही लागली नाहीत. मात्र तो लावू नका, तो खरोखरच दुसऱ्या झाडांना जगू देत नाही. तुमच्या कलमी गुलाबाच्या बुडातून वेगळीच फांदी फुटली तर पानाच्या देठाचं मूळ बघा. तिथे झालर असेल तर तो मल्टिफ्लोराचा खुंट वर आलाय. मुळापाशी ओढून काढा.

मग लावायचं काय? ॲरिझोना, टेक्सास, कॅलिफोर्नियात असाल तर लेडी बँक्स छान. काटे जवळजवळ नाहीत, एकदा रुजला की पाणी कमी लागतं, मात्र आधार दणकट हवा. फेन्सच्या पातळ फळ्या त्याचं वजन पेलणार नाहीत. फुलं मागच्या वर्षीच्या फांदीवर येतात, म्हणून छाटणी बहर संपल्यावर. हिवाळ्यात कापलात तर वसंतात नुसती पानं बघत बसाल. आणि मेरीसारखी पेटी भारतातून मागवू नका. १९१२ च्या कायद्यापासून परदेशी रोपांवर नियम आले आणि १९१९ मध्ये ते फार कडक झाले. कढीपत्त्याचं रोप तर, लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर राहते म्हणून, देशातल्या देशातही वाटेल तिथे नेता येत नाही.

थंडीच्या राज्यांत लेडी बँक्स तग धरत नाही. तिथे ‘न्यू डॉन’ लावा. तो उमलताना फिकट गुलाबी असतो आणि उन्हात जवळजवळ पांढरा होतो. अमेरिकेत झाडाला मिळालेलं पहिलं पेटंट याचंच, १९३१ सालचं. घेणारा होता न्यू ब्रन्सविकचा माळी हेन्री बोसेनबर्ग, म्हणजे एडिसनपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. याच्या वंशावळीत एक जपानी पांढरा गुलाब आहेच. रोज सहा तास ऊन येईल अशी जागा द्या, लांब फांद्या सरळ वर न चढवता आडव्या बांधा, म्हणजे त्यांच्या प्रत्येक डोळ्यातून फूल येईल. पेटंटची मुदत सतरा वर्षांची होती, ती १९४८ मध्येच संपली. त्यामुळे कोणाच्या कुंपणावर हा दिसला तर बेल वाजवून खुशाल फांदी मागा.