वैद्याच्या हातीं कारभार

वैद्यानें रोग्याच्या उशाशीं बसावें आणि कारभाऱ्यानें कचेरींत बसावें, अशी कामाची वांटणी आपण फार पूर्वींपासून करून ठेविली आहे. एरवीं ती चालतेही. परंतु साथ आली, भूकंप झाला किंवा समुद्रांत होडी उलटली, म्हणजे ही वांटणी मोडते. अशा वेळीं रोगी एक नसतो, अनेक असतात. कोणास आधीं हात लावावयाचा, कोणास कोठें पाठवावयाचें, कोणाची खाट रिकामी करावयाची, हा निर्णय वैद्यकाचाही असतो आणि कारभाराचाही असतो. तो कोणी घ्यावा आणि घेणाऱ्यास त्याचें शिक्षण कोणी द्यावें, या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आरंभ १८९६ सालापासून करूं. त्या वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत जी साथ सुरू झाली, ती प्लेगची आहे असें निदान डॉ. अकासियो व्हिएगास यांनीं केलें. व्हिएगास हे मूळचे गोव्यांतील हडफडें गांवचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले. त्यांच्या निदानाला वजन आलें तें आणखी एका कारणानें. ते मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद होते. रोग्याच्या अंगावर जें दिसलें तें थेट सभागृहांत सांगण्याची सोय त्यांना होती. पुढें १९०६ सालीं ते त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले.

निदान बरोबर झालें, पण व्यवस्था बिघडली. रोग्यांना सक्तीनें नेण्यांत येऊं लागलें, तेव्हां इस्पितळांत गेलेला माणूस परत येत नाहीं अशी भीति शहरभर पसरली. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारें एक हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोड इस्पितळावर चाल केली. या दंगलीचें मूळ औषधांत नव्हतें, कारभारांत होतें.

सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पाठोपाठ समित्या नेमल्या. मुंबईच्या समितींत चार माणसें होतीं: सेनापति गेटेकर अध्यक्ष, म्युनिसिपल कमिशनर स्नो, डॉक्टर डिमॉक आणि एंजिनिअर जेम्स. पुण्यास मुलकी अधिकारी रँड अध्यक्ष होता. त्याच्या जोडीस फिलिप्स हा लष्करी अधिकारी आणि बेव्हरिज हा डॉक्टर. दोन्ही समित्यांत डॉक्टर एकेक होता आणि दोन्ही ठिकाणीं तो अध्यक्षाच्या हाताखालीं होता. पुण्यांतील घरझडत्यांमुळें केवढा संताप उसळला आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं त्याचा शेवट कसा झाला, हें आपणांस ठाऊक आहे. डॉक्टर अध्यक्ष असता तर हें सारें टळलें असतें, असें म्हणण्यास आधार नाहीं. लोकांना विश्वासांत घेऊन साथ कशी आवरावी, हें त्या काळीं डॉक्टरांनाही कोणीं शिकविलें नव्हतें.

तरीही त्याच काळांत दुसरी वाट दिसली होती. पुण्याजवळ हडपसरला डॉ. यशवंतराव फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. तेथें रोग्यांची सेवा करतां करतां त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें गेल्या. मुंबईंत निरनिराळ्या जातींना व समाजांना आपापलीं इस्पितळें चालविण्याची मुभा मिळाली. पुण्यांत हिंदु प्लेग इस्पितळाच्या उभारणींत लोकमान्य टिळकांनीं पुढाकार घेतला. ज्या व्यवस्थेंत आपलीं माणसें दिसत, तेथें लोक आपण होऊन जात. आपत्तीच्या कारभाराचा हा पहिला धडा होय, आणि तो कोणत्याही वैद्यकीय पुस्तकांत छापलेला नव्हता.

यानंतर चाळीस वर्षांनीं एका मराठी डॉक्टराच्या हातीं खरोखरीच कारभार आला, पण तो परमुलखांत. १९३८ सालीं चीनवर जपानचें आक्रमण चालू असतां काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक तिकडे धाडिलें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे होते. कोटणीस तेव्हां अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पथकांतील इतर डॉक्टर यथाकाल परत आले; कोटणीस तेथेंच राहिले. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या सर्जनानें आघाडीलगत शस्त्रक्रियेचीं फिरतीं पथकें उभारलीं होतीं. १९३९ च्या नोव्हेंबरांत जखमेंतील संसर्गानें त्याचें निधन झालें. त्याच्या नांवाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्यें कोटणीस यांची नेमणूक झाली.

कोटणीस यांनीं सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे, आणि व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटानें त्यांचा त्याग घरोघर पोंचविला. परंतु संचालकाचें काम त्याहून निराळें होतें. शत्रूच्या हालचालीबरोबर रुग्णालय हलवावें लागे. औषधें थोडीं, जखमी फार, आणि शिकलेले मदतनीस त्याहून कमी. कोटणीस यांनीं चिनी भाषा आत्मसात केली, तींत व्याख्यानें दिलीं आणि विद्यार्थ्यांसाठीं शस्त्रक्रियेचें पाठ्यपुस्तक लिहावयास घेतलें. आपले दोन हात पुरे पडणार नाहींत, तेव्हां दुसरे हात तयार केले पाहिजेत, हें त्यांनीं ओळखलें होतें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांनीं कारभार शिकण्यासाठीं दिलेली किंमत ही होती कीं, तो त्यांना युद्धाच्या ऐन धुमाळींत, आजारी देहानें शिकावा लागला.

मग हीच विद्या शांततेच्या काळांत, शाळेंत बसून शिकवितां येणार नाहीं काय? हा प्रश्न महायुद्धानंतर प्रथम अमेरिकेंत धसास लागला. तेथें १९६८ सालीं आपत्कालीन वैद्यकाच्या डॉक्टरांनीं आपली संस्था स्थापिली, १९७० मध्यें सिनसिनाटी येथें या विषयाचें पहिलें निवासी शिक्षण सुरू झालें, आणि १९७९ सालीं त्यास स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. पुढें असें दिसून आलें कीं, उत्तम डॉक्टर हा विभागाचा उत्तम प्रमुख असतोच असें नाहीं. म्हणून निवासी शिक्षण संपविलेल्या डॉक्टरासाठीं एक किंवा दोन वर्षांच्या, कारभार शिकविणाऱ्या फेलोशिप निघाल्या. असा डॉक्टर कांहीं पाळ्या रोग्यांत काम करतो आणि उरलेला वेळ विभागप्रमुखाच्या शेजारीं बसतो. पुष्कळ ठिकाणीं त्यास व्यवस्थापनाची पदवीही घेतां येते.

त्यांत शिकवितात तरी काय? रात्रपाळीस माणसें किती लागतील याचा अंदाज, दारांतून आलेला रोगी खाटेपर्यंत पोंचेतों किती वेळ गेला याची मोजणी, औषधांचा सांठा आणि पैशाचा हिशेब, कायदा, नातेवाइकांच्या तक्रारी कशा ऐकाव्या, रोगी दगावला तर दोष कोणाच्या माथीं मारावा हें न पाहतां चूक कोठें झाली हें कसें शोधावें, आणि शंभर जखमी एकदम आले तर काय करावयाचें याची रंगीत तालीम. यांतील एकही गोष्ट नाडीपरीक्षेंत मोडत नाहीं, पण यांतील एक चुकली तर नाडी पाहण्याची वेळ निघून जाते.

आपल्या देशांत आपत्कालीन वैद्यकास स्वतंत्र विषय म्हणून २००९ सालीं मान्यता मिळाली. महाराष्ट्रांत २०१४ सालीं १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशीं, गाडींत डॉक्टर देऊन सुरू झाली. त्यापूर्वींच, २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यास एक प्राधिकरण दिलें होतें. त्याचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि सभासदांत पोलीस अधीक्षक व जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी. १८९७ च्या समितीची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे. २०२० च्या मार्चांत कोरोनाची साथ आली तेव्हां महाराष्ट्र सरकारनें जो कायदा लागू केला तोही १८९७ चाच. एकशें तेवीस वर्षांत डॉक्टराची खुर्ची फारशी हलली नाहीं. प्रश्न इतकाच कीं, त्या खुर्चीवर बसून काय बोलावें हें आतां त्यास कोणी शिकविणार कीं नाहीं?

हा प्रश्न मोठ्या शहरांचा, असें कोणी म्हणेल. त्यानें मालवणच्या उत्तरेस, गड नदीच्या मुखाजवळ असलेलें तोंडवली गांव डोळ्यांपुढें आणावें. तोंडवली-तळाशीलची ती चिंचोळी पट्टी: एका अंगास नदी, दुसऱ्या अंगास समुद्र. पावसाळ्यापूर्वींच्या वादळांत तेथें एखादी होडी उलटली, चार मच्छिमार अर्धमेले किनाऱ्यास लागले, अशी कल्पना करा. १०८ वर केलेली हांक पुण्याच्या नियंत्रण कक्षांत ऐकली जाईल. तेथून गाडी निघेल. मालवणचें ग्रामीण रुग्णालय, ओरोसचें जिल्हा रुग्णालय, कीं राज्याची सीमा ओलांडून गोव्यांतील बांबोळी? चौघांपैकीं कोणास कोठें न्यावयाचें? पुढील रुग्णालयास आधीं कळविलें आहे काय? एकच गाडी असेल तर पहिला कोण? येथें सर्जनाचा हात कितीही कुशल असो, या उत्तरांवांचून तो रिकामाच राहणार. उत्तरें तयार ठेवणें हें कोणा एकाच्या नेमून दिलेल्या कामाचा भाग असलें पाहिजे, आणि वादळ येण्याच्या आधीं असलें पाहिजे.

श्रोते हो, डॉक्टरानें जिल्हाधिकाऱ्याची जागा घ्यावी असें सुचविण्याचा हेतु नाहीं. अधिकाऱ्याचा अधिकार त्याच्यापाशीं राहो. परंतु रोग्याला पाहून आलेला जो माणूस त्या समितींत बसतो, त्यास हिशेब, कायदा आणि लोकांचें मन या तिन्ही गोष्टी वाचतां आल्या पाहिजेत. व्हिएगासांना सभासदत्वानें ती संधि दिली. कोटणीसांना युद्धानें ती विद्या शिकविली. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनीं ती वर्गांत आणि वॉर्डांत शिकवावयास घेतली, तर तोंडवलीच्या किनाऱ्यावरील माणसाला दैवावर थोडें कमी अवलंबून राहावें लागेल.