कार्डिनल चेझारिनी आणि दिलेला शब्द

क्रूसयुद्धे म्हटली की जेरुसलेम, रिचर्ड आणि सलादीन ही नावे वाचकांच्या मनात येतात. परंतु पंधराव्या शतकात एका कार्डिनलांनी दोन क्रूसयुद्धांचे पुढारपण केले आणि दुसऱ्यात स्वतःचे प्राण गमावले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. जुलिआनो चेझारिनी १३९८ साली रोममध्ये जन्मले, कायदा शिकले आणि पादुआच्या विद्यापीठात त्यांनी तो शिकविला. कूसाचे निकोलस हे त्यांचे तेथील विद्यार्थी. आपला १४४० सालचा प्रसिद्ध ग्रंथ त्यांनी ह्याच गुरूंस अर्पण केला. चेझारिनींची विद्वत्ता व सौजन्य त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले होते. म्हणूनच त्यांच्या हातून जे घडले ते तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्याचे मूळ बोहेमियात आहे. सम्राट सिगिस्मुंड ह्यांचे अभयपत्र घेऊन यान हुस कॉन्स्टन्सच्या परिषदेस गेले, आणि ६ जुलै १४१५ रोजी तेथेच त्यांना जिवंत जाळण्यात आले. राजाचे अभयपत्र ख्रिस्तसभेच्या न्यायासनास अडवू शकत नाही, अशी परिषदेची भूमिका होती. बोहेमिया पेटून उठला. १४२० पासून त्याच्यावर एकामागून एक क्रूसयुद्धे पुकारण्यात आली व ती सारी फसली. १४३१ मधील मोहिमेत पोपचे वकील म्हणून चेझारिनी सैन्याबरोबर होते. १४ ऑगस्ट रोजी दोमाझ्लित्से येथे बोहेमियन गाड्यांचा खडखडाट व त्यांच्या युद्धगीताचा घोष कानी पडताच हे प्रचंड सैन्य लढाईपूर्वीच पळत सुटले, असे सांगतात. कार्डिनल कसेबसे वाचले; त्यांचा झगा आणि पोपचे आज्ञापत्र मात्र शत्रूच्या हाती राहिले.

ह्या अपमानातून ते शहाणे झाले. बाझेलच्या परिषदेचे अध्यक्ष ह्या नात्याने त्यांनी बोहेमियनांना चर्चेस बोलाविले. पोप चौथे युजीन ह्यांनी परिषद विसर्जित केली, तेव्हा चेझारिनींनी त्यांना धीटपणे लिहिले की, निमंत्रण देऊन आपणच उठून गेलो तर पाखंड्यांना भिऊन आपण पळालो असे जग म्हणेल. कॉन्स्टन्सचा अनुभव विसरणे बोहेमियनांना शक्य नव्हते. म्हणून मे १४३२ मध्ये एगर येथे त्यांच्या सुरक्षिततेच्या व सुनावणीच्या अटी आधी पक्क्या कराव्या लागल्या. जानेवारी १४३३ मध्ये त्यांची मंडळी बाझेलला आली. तिच्या अग्रभागी सेनानी प्रोकोप होते. दोमाझ्लित्सेला कार्डिनलांना पळविणारे तेच! चेझारिनींनी त्यांना आपल्या पंक्तीस बसविले आणि आठवडेच्या आठवडे वादविवाद शांतपणे ऐकून घेतला. सर्व जण सुखरूप घरी परतले. पुढे १४३६ च्या करारान्वये बोहेमियातील सामान्य उपासकांना प्रभुभोजनातील प्यालाही मिळू लागला. तलवारीने जे साधले नाही ते पाळलेल्या शब्दाने साधले.

नंतर चेझारिनी पोपच्या पक्षास मिळाले. फ्लॉरेन्स येथे पूर्व व पश्चिम ख्रिस्तसभांच्या ऐक्याचा ठराव झाला, तेव्हा त्याचे लॅटिन वाचन त्यांनीच केले. तोही दिवस ६ जुलैच, साल १४३९.

१४४२ मध्ये त्यांना हंगेरीत पाठविण्यात आले. तुर्कांविरुद्ध १४४३ च्या हिवाळ्यातील मोहीम सोफियाच्या पुढे पोहोचली. एप्रिल १४४४ मध्ये तरुण राजे व्लादिस्लाव ह्यांनी पुन्हा युद्धास निघण्याची शपथ वाहिली. परंतु त्याच उन्हाळ्यात सुलतान मुराद ह्यांच्याशी दहा वर्षांचा तह ठरला व तोही शपथपूर्वक मान्य करण्यात आला. राजाने स्वतः ती शपथ घेतली की नाही ह्यावर इतिहासकारांत वाद आहे. त्यांच्या नावाने ती दिली गेली, एवढे आमच्या प्रश्नास पुरे. इकडे पोप, व्हेनिस आणि बर्गंडी ह्यांची गलबते सामुद्रधुनीकडे निघाली होती. अशी संधी पुन्हा येणार नाही असे कार्डिनलांना वाटले. आधीची शपथ ख्रिस्ती मित्रांना दिलेली, नंतरची अन्यधर्मीयांना व पोपच्या संमतीवाचून दिलेली, म्हणून ती बंधनकारक नाही, असा निवाडा देऊन त्यांनी राजास मुक्त केले.

कायद्याच्या प्राध्यापकास शोभेल असा हा युक्तिवाद आहे. पण यहेज्केलाच्या सतराव्या अध्यायापुढे तो टिकत नाही. सिद्कीया राजाने मूर्तिपूजक बाबेलच्या राजास शपथ दिली आणि मिसराच्या घोड्यांवर भिस्त ठेवून ती मोडली. तेथे देव त्या शपथेस आपली स्वतःची शपथ म्हणतो. गिबोनी लोकांनी तर फसवून वचन मिळविले होते, तरी यहोशवाने ते पाळले. शपथ कोणाला दिली ह्यापेक्षा ती कोणाच्या नावाने दिली हे शास्त्रात महत्त्वाचे आहे. बिरसासारख्या गावी, जेथे ख्रिस्ती घरे थोडी आणि देणेघेणे, बांधाचा समझोता, साक्ष हे सारे अन्यधर्मी शेजाऱ्यांशीच असते, तेथे हा प्रश्न केवळ मध्ययुगाचा राहत नाही. बाझेलला हे चेझारिनींना उमगले होते. पण तेव्हा समोरचा मनुष्य निदान ख्रिस्ताचे नाव घेणारा होता. तुर्कांपर्यंत ती समज पोहोचली नाही.

सर्बियाचे ब्रांकोविच तह पाळून घरी राहिले. गलबतांना सामुद्रधुनी रोखता आली नाही आणि मुराद आशियातून परतले. १० नोव्हेंबर १४४४ रोजी वार्ना येथे सुमारे २०,००० ख्रिस्ती सैन्याची गाठ कितीतरी मोठ्या सैन्याशी पडली. मोडलेला तहनामा तुर्कांनी भाल्यावर टांगला होता, असे पुढील लेखक सांगतात. वीस वर्षांचे राजे रणात पडले. कार्डिनल पळताना मारले गेले. कोणाच्या हातून, ह्याविषयी वृत्तांतांत एकवाक्यता नाही.