वही, केसपेपर आणि किल्ली : खातेजोडणीचा एक छोटा इतिहास

केडगाव नावाची दोन ठिकाणे महाराष्ट्राला परिचित आहेत. पहिले अहमदनगर शहराला (आताच्या अहिल्यानगरला) पुण्याच्या बाजूने चिकटलेले, आज महापालिकेच्या हद्दीत असलेले आणि रेणुकामातेच्या देवळासाठी पंचक्रोशीत ओळखले जाणारे. दुसरे पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातले. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे 'मुक्ती' उभारले, त्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्याला केडगाव म्हटले की बहुधा हेच आठवते. प्रस्तुत लेखकाचा संबंध पहिल्या केडगावाशी आहे. बाहेरगावी 'मी केडगावचा' असे सांगितले की 'म्हणजे रमाबाईंचे का?' हा प्रश्न ठरलेला. नाही म्हणावे लागते, आणि मग तालुका, जिल्हा, देवी असे एकेक सांगत आपले केडगाव त्या केडगावापासून सोडवून घ्यावे लागते.

एकाच नावाच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे हा झाला प्रश्नाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा याच्या उलट आहे : एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन नावांनी नोंदली गेली असेल, तर ती एकच आहे हे ओळखायचे कसे? आज डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी, लशीसाठी किंवा गाडीच्या तिकिटासाठी आपण एखाद्या संकेतस्थळावर 'लॉगिन' करतो, तेव्हा पडद्यामागे नेमका हाच प्रश्न सोडवला जात असतो. तेथे तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एक म्हणजे हाडामांसाचा माणूस. दुसरी म्हणजे संस्थेच्या दप्तरातले त्याचे खाते : केव्हा आला, काय झाले, काय दिले. तिसरी म्हणजे लॉगिन, त्या खात्याची किल्ली. या तिन्हींची सांगड घालणे म्हणजे खातेजोडणी. विषय संगणकवाल्यांचा वाटतो खरा, पण त्याचा इतिहास संगणकाहून बराच जुना आहे आणि त्याचे काही धागे आपल्या घरातच सापडतात.

पत्त्यापासूनच सुरुवात करू. सारख्या नावांची गावे, अनेक लिप्या आणि अपुरे पत्ते यांमुळे टपालखात्याची होणारी कोंडी फोडण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. वाचकांपैकी अनेकांना ते संस्कृत कवी आणि नाटककार म्हणून माहीत असतील. टपाल आणि तार विभागातले अधिकारी म्हणून ते तितके परिचित नाहीत. सहा आकड्यांपैकी पहिला देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग आणि तिसरा टपाल-वर्गवारीचा जिल्हा. उरलेले तीन आकडे नेमक्या कचेरीपर्यंत नेतात. नगरकडचे केडगाव ४१४ मध्ये पडते आणि दौंडकडचे ४१२ मध्ये. नाव तेच राहिले, आकड्याने ते फोडून दाखवले. शब्दांवर पोसलेल्या माणसाने शब्द अपुरा पडतो हे मान्य करून त्याच्या शेजारी आकडा ठेवला, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

आता माणसांच्या खात्यांकडे वळू. आपल्याकडची सर्वांत चिवट खातेवही कोणती असेल, तर ती तीर्थोपाध्यायांची. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाला आडनाव आणि मूळ गाव विचारले जाते. त्यावरून त्याच्या कुळाचे उपाध्ये कोण हे ठरते आणि त्यांच्या घरच्या लांबट वह्या बाहेर येतात. पणजोबा कधी आले, बरोबर कोण होते, कोणाचे श्राद्ध केले हे तेथे नोंदलेले असते. कधी मोडी अक्षरांत, कधी खुद्द पणजोबांच्या सहीनिशी. आलेल्या माणसाने आपली आणि मुलाबाळांची नावे त्याखाली घालून सही करायची, की खाते पुढे चालू.

ही व्यवस्था भाबडी नव्हती. यजमान ही उपाध्यायांची मिळकत होती. यजमानवृत्ती वारसाने मिळे, भावाभावांत वाटली जाई आणि तिच्यावरून कज्जेही होत. ग्राहकांची माहिती ही संपत्ती असते, हे आजच्या कंपन्यांनी काही नव्याने शोधून काढलेले नाही. पण आपला मुद्दा आहे तो ओळख पटवण्याच्या रीतीचा. वहीला कुलूप नव्हते, सांकेतिक शब्द नव्हता. आजोबांचे नाव सांगा, चुलत्यांची नावे सांगा, गाव का सोडले ते सांगा. सांगणे आणि लिहिलेले जुळले, की तुम्ही त्या घरचे. येथे किल्ली म्हणजे कथा होती, आणि ती ऐकून चूकभूल समजून घेणारा माणूस समोर बसलेला होता. 'गणपत' लिहिले असले आणि तुम्ही 'गणू' म्हणालात, तरी अडत नसे.

मात्र या वहीचे गुणगान करताना थोडे थांबायला हवे. ती लावलेली असते पुरुषाच्या आडनावाने आणि पुरुषाच्या गावाने. बाई तिच्यात येते ती कोणाची तरी पत्नी किंवा आई म्हणून. आपल्याकडे लग्नात तांदळावर नवे नाव लिहून मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची रीत होती. म्हणजे वडिलांच्या उपाध्यायांकडे एक मुलगी आणि सासरच्या उपाध्यायांकडे वेगळ्याच नावाची एक सून. दोन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत हे कळण्याची सोय कोणत्याच वहीत नसे. ते ठाऊक असे ते फक्त त्या बाईला.

वहीनंतर केसपेपर. हा शब्द महाराष्ट्रात इतका रुळला आहे की त्याचे इंग्रजीपण कोणाला जाणवतही नाही. केडगावात आमच्या लहानपणी दवाखान्यात 'नंबर लावायला' घरातले एखादे पोर सकाळी पाठवले जाई. कंपाउंडर वहीत नाव लिही आणि कपाटातून जुना केसपेपर काढून गठ्ठ्यात ठेवी. नंबर लावणारा एक, केसपेपर दुसऱ्याचा आणि पैसे देणारा तिसरा, याने काही बिघडत नसे. कंपाउंडरला घर माहीत असे. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर लॉगिन आणि खाते यांची सांगड त्याच्या डोक्यात असे.

पुढे या डोक्याची जागा मोबाइल क्रमांकाने घेतली. काही वर्षांपूर्वी आमच्या एका वृद्ध आत्यांच्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगतो. त्या ज्या दवाखान्यात वर्षानुवर्षे जात, तेथे संकेतस्थळावरून वेळ घेण्याची सोय झाली. जुन्या कागदांवर ज्यांच्या घरचा फोन होता, त्यांची खाती त्या क्रमांकाला आपोआप जोडली गेली. आत्यांच्या कागदावर पुतण्याचा क्रमांक होता. त्यामुळे त्यांच्या तपासणीचे निकाल प्रथम पुतण्याच्या फोनवर गेले आणि तेथून घरभर झाले. आत्यांना ते सर्वांत शेवटी कळले. आजार किरकोळच निघाला. पण त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, केसपेपर माझा होता ना?" दवाखान्यातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. यंत्राने क्रमांक जुळवला आणि क्रमांक जुळला म्हणजे माणूस जुळला, असे मानले. चूक होती ती या 'म्हणजे'त.

हा 'म्हणजे' देशाच्या पातळीवर कसा चालतो ते २०२१ साली सर्वांनी पाहिले. १६ जानेवारीला करोनाचे लसीकरण सुरू झाले, आणि मार्चपासून सामान्य नागरिकांना कोविन या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी यांच्या साहाय्याने स्वतः नोंदणी करता येऊ लागली. एका क्रमांकावर चार माणसांची नोंद होऊ शके. जानेवारी २०२२ मध्ये ही मर्यादा सहा झाली. म्हणजे रचनाकारांना हे ठाऊक होते की भारतात फोन हा पुष्कळदा माणसाचा नसतो, घराचा असतो. किल्ली एक आणि खाती चार, ही सोय विचारपूर्वक केलेली होती. तरीही गाठी पडायच्या त्या पडल्याच. एका फोनवरून पहिली मात्रा आणि दुसऱ्या फोनवरून दुसरी घेणाऱ्याला संगणक दोन वेगळी माणसे समजे. मग दोन मात्रा घेऊनही हाती पहिल्या मात्रेचीच दोन प्रमाणपत्रे येत. ती एकत्र करण्याची सोय पुढे संकेतस्थळावर द्यावी लागली. उलट, वेळ घेऊनही केंद्रावर न गेलेल्या काहींना लस मिळाल्याचे संदेश गेले. नोंद करणाऱ्याने यादीतल्या नावावर खूण केली, पण त्या नावाचा माणूस समोर नव्हताच. त्यावर उपाय म्हणून ८ मे २०२१ पासून चार आकड्यांचा सुरक्षा-संकेतांक आला : तो केंद्रावर सांगायचा आणि मगच लस टोचली गेल्याची नोंद व्हायची. यजमानाला आजोबांचे नाव विचारणाऱ्या उपाध्यायांचे हे आधुनिक रूप म्हणावे लागेल, फक्त कथेच्या जागी आता आकडा आला होता.

१ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला आधी संकेतस्थळावर वेळ घेतल्याशिवाय लस मिळेनाशी झाली. लशी थोड्या आणि वेळा काही क्षणांत संपणाऱ्या. शहरातली चपळ बोटे खेड्यातल्या केंद्रांवरच्या वेळा पटकावत, गाडीने येऊन लस घेऊन जात, आणि त्याच गावचे लोक दारात उभे राहून पाहत, अशा तक्रारी महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाल्या. सर्वोच्च न्यायालयानेही त्या काळात या डिजिटल दरीविषयी सरकारला प्रश्न विचारले. २४ मे रोजी या वयोगटाला सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली. माणूस तोच आणि दंड तोच. पण किल्ली नाही म्हणून खाते नाही आणि खाते नाही म्हणून रांगेत जागा नाही, असा तीन आठवड्यांचा तो काळ होता.

किल्ली माणसालाच कायमची जोडावी, हा विचार त्याआधीच रुजला होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी पहिला आधार क्रमांक दिला गेला. रेल्वेचा प्रवासही त्याच दिशेने झाला. १९८६ साली दिल्लीत सुरू झालेल्या संगणकीय आरक्षणात प्रवाशाचे खाते असे नव्हतेच. अर्जावर नाव, वय, लिंग लिहिले की पुरे. २००२ साली तिकिटे संकेतस्थळावर आली तेव्हा प्रवासी हा 'वापरकर्ता' झाला, आणि एकाच माणसाने अनेक खाती काढून तिकिटे अडवण्याचा धंदाही त्याबरोबर आला. अखेर १ जुलै २०२५ पासून संकेतस्थळावर तत्काळ तिकीट काढण्यासाठी आधारशी पडताळलेले खाते आवश्यक झाले. दवाखान्यांसाठी २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये चौदा आकडी आभा क्रमांक आला. वेगवेगळ्या ठिकाणचे केसपेपर ज्याचे त्याने आपल्या संमतीने या क्रमांकाला जोडावेत, अशी त्यामागची कल्पना आहे. संमती हा शब्द येथे महत्त्वाचा. आत्यांच्या बाबतीत जोडणी चुकली होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती त्यांना न विचारता झाली होती.

फोनला किल्ली मानण्यात आणखी एक धोका आहे. बंद पडलेला मोबाइल क्रमांक किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. एखाद्या म्हातारीचे सिमकार्ड रिचार्ज न केल्याने बंद पडते, आणि तिच्या खात्यांच्या किल्ल्या परक्याच्या खिशात जातात. उपाध्यायांची वही अशी परक्याच्या नावाने उघडत नसे, हे मान्य करायला हवे.

मग करावे काय? मला वाटते, चांगल्या खातेजोडणीची लक्षणे या इतिहासातूनच मिळतात. जुळणाऱ्या क्रमांकाला पुरावा न मानता फक्त शक्यता मानावे आणि खाते ज्याचे आहे त्याला विचारून मगच गाठ मारावी. दुसऱ्यासाठी वेळ घेण्याचा अधिकार आणि दुसऱ्याचा केसपेपर वाचण्याचा अधिकार वेगळे ठेवावेत. नंबर लावणाऱ्या पोराने कंपाउंडरकडे कधी केसपेपर मागितला नव्हता. चुकून पडलेली गाठ सोडवण्याची वाट ठेवावी. आणि ज्याच्याजवळ किल्ली नाही त्याच्यासाठी खिडकीशी एक माणूस बसलेला असावा.

नोंदींचे आणि नावांचे हे नाते स्थिर कधीच नसते. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. तीर्थोपाध्यायांच्या वहीत जी कोणाची तरी पत्नी होती, ती आता नोंदीचा धागा होईल. त्याच वर्षी अहमदनगरचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. आमच्या घरातल्या निम्म्या कागदांवर एक जिल्हा आहे, निम्म्यांवर दुसरा. ते दोन्ही एकच आहेत हे काही वर्षांनी एखाद्या यंत्राला समजावून सांगावे लागेल. ४१४ तेवढा बदललेला नाही.

आत्या आता नाहीत. मध्यंतरी त्यांच्या पेटीत तो जुना केसपेपर सापडला. त्यावर त्यांचे सासरचे नाव होते, आणि कोपऱ्यात त्यांनी स्वतः पेन्सिलीने आपले माहेरचे नाव लिहून ठेवले होते.