झाडाविना सुतार

२०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाच्या शीर्षकात केवळ आनुवंशिकता उरली. देशभरातील १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमी नागरिकांनी खुल्या पत्राद्वारे त्यास हरकत घेतली. या वगळण्याने विद्यार्थी नेमके कशाला मुकतो, हे दक्षिण अमेरिकेतील एका सुतार पक्ष्याच्या इतिहासावरून चांगले समजते.

या पक्ष्याचे शास्त्रीय नाव कोलाप्टिस कॅम्पेस्ट्रिस. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर. माथा काळा, गालांपासून छातीपर्यंत सोनेरी पिवळा रंग, पाठीवर तपकिरी व पांढुरके आडवे पट्टे. नराच्या चोचीमागे तांबूस रेघ. ब्राझील, पॅराग्वे, उरुग्वे व अर्जेंटिना येथील गवताळ माळांवर तो जमिनीवर फिरून मुंग्या आणि वाळवी टिपतो.

१८३३ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून प्रवास करणाऱ्या चार्ल्स डार्विनने आजच्या उरुग्वेतील माल्दोनादो येथे हा पक्षी झाडांपासून कित्येक मैल दूर पाहिला. त्याने गोळा केलेल्या काही नमुन्यांच्या चोची चिखलाने माखलेल्या होत्या. खोडाला टेकून बसणाऱ्या सुतार पक्ष्यांची शेपटी घासून झिजते. यांची फारशी झिजलेली नव्हती. घरटी मातीच्या दरडींतील बिळांत होती.

१८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात डार्विनने हे उदाहरण दिले. या पक्ष्याची शरीररचना अस्सल सुतार पक्ष्याची. राहणी मात्र उघड्या माळावरची. प्रत्येक जीव आपापल्या जागेसाठी स्वतंत्रपणे घडवला गेला असेल, तर झाडाविना जगणाऱ्या पक्ष्याला झाडावरची हत्यारे कशासाठी? ती पूर्वजांकडून आलेली आहेत, हे डार्विनचे उत्तर. मात्र हा पक्षी झाडावर कधीच चढत नाही, असेही त्याने तेथे ठामपणे लिहिले.

त्या ‘कधीच’वर १८७० मध्ये आक्षेप आला. विल्यम हेन्री हडसन हा ब्यूनस आयर्सजवळ जन्मलेला, त्याच माळांवर वाढलेला तरुण पक्षिनिरीक्षक. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात छापलेल्या पत्रात त्याने कळवले, की हा पक्षी झाडांवर येतो आणि खोड कोरून घरटेही करतो. एवढ्यावर न थांबता, सिद्धांत खरा ठरवण्यासाठी डार्विनने निसर्गातील सत्य मुद्दाम वाकवले, असाही आरोप त्याने सूचित केला.

डार्विनने त्याच कार्यवृत्तात उत्तर दिले. आपल्या माल्दोनादोतील नोंदी त्याने मांडल्या. पॅराग्वेत अनेक वर्षे राहिलेल्या फेलिक्स द अझारा या निरीक्षकाने, डार्विनच्या आधीच, या पक्ष्याला ‘मैदानी सुतार’ म्हटले होते, हेही दाखवले. पुराव्याविना सहकाऱ्यावर खोटेपणाचा आरोप करणे अनुचित आहे, असे त्याने स्पष्ट सुनावले.

परंतु आरोप नाकारताना त्याने हडसनचे निरीक्षण नाकारले नाही. १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत मजकूर बदलला. काही विस्तीर्ण प्रदेशांत हा पक्षी झाडावर चढत नाही आणि दरडींत घरटी करतो. अन्य काही प्रदेशांत, हडसन सांगतो त्याप्रमाणे, तो झाडांवर वावरतो व खोडांत घरटे कोरतो, अशी नोंद तेथे आली. आरोप करणाऱ्याचे नावही सन्मानाने छापले गेले.

या दुरुस्तीने सिद्धांत दुबळा झाला नाही. एकाच जातीचे पक्षी कोठे खोडावर, कोठे निव्वळ मातीवर जगतात, यावरून राहणी बदलण्याची वाट उलट अधिकच स्पष्ट दिसते. शरीर जुने राहते आणि सवय आधी बदलू शकते. दोन्ही निरीक्षकांनी आपापल्या प्रदेशात पाहिलेले खरे होते. चूक होती ती एका प्रदेशातील निरीक्षण सर्वत्र लागू करण्यात.

उत्क्रांतीचे प्रकरण वगळले की एक सिद्धांत जातो, एवढेच नुकसान नाही. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून अशी उदाहरणेही निसटतात. चिखलाने माखलेली चोच पुरावा कशी ठरते, आणि दूरच्या माळावरून आलेल्या एका पत्रामुळे जगप्रसिद्ध ग्रंथातील ‘कधीच’ हा शब्द कसा मागे घ्यावा लागतो, हे त्याला कुठे शिकायला मिळणार?