गूळ : तपकिरी संयुगे व आतड्याचे आरोग्य

उसाचा रस उघड्या काहिलीत आटवून केलेल्या गुळात शर्करेखेरीज खनिजे, फिनॉलिक द्रव्ये आणि उष्णतेमुळे तयार झालेली तपकिरी संयुगे असतात. या संयुगांचा उलगडा विसाव्या शतकातला असला, तरी गुळाचा पचनावरील परिणाम हा विषय जुना आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात नवा गूळ कफ व कृमी वाढविणारा, तर जुना गूळ पचण्यास हलका व पथ्यकर मानला आहे. साठवणीत गूळ काळवंडतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठी गुऱ्हाळांची परंपरा दीर्घ आहे. चरकातून काढलेला रस चुलवणावरील काहिलीत चिपाडांच्या जाळावर तापवितात. चुना व भेंडीचा चिकट रस घालून वर येणारी मळी काढून टाकतात. सुमारे १०५° से. ला काकवी तयार होते आणि ११५° ते १२०° से. च्या दरम्यान पाक गुळाच्या अवस्थेस येतो. उष्णतामापक नसतानाही गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून, त्याची गोळी वळते की नाही यावरून काहील उतरविण्याची वेळ ठरवितो. थोडा उशीर झाला, तरी गूळ लाल होतो. सांगली व कराडच्या बाजारपेठांत रंगावर भाव ठरत असल्याने हा उशीर शेतकऱ्यास महाग पडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहकारी साखर कारखान्यांनी गुऱ्हाळे मागे सारली. उरलेल्यांपैकी अनेकांनी पिवळेपणासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट वापरण्यास आरंभ केला. हा रंग टिकाऊ नसतो आणि गंधकाचा अंश मात्र गुळात राहतो.

ज्या तपकिरी रंगाला बाजाराने दोष मानले, त्याचे रसायन फ्रेंच शास्त्रज्ञ लूई कामीय माय्यार यांनी १९१२ मध्ये मांडले. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांसारख्या शर्करा तापविल्या असता ॲमिनो अम्लांशी संयोग पावतात व अखेर मेलॅनॉयडिने ही मोठ्या रेणूंची द्रव्ये बनतात. उसाच्या रसात हे दोन्ही घटक असतात. हीच विक्रिया साठवणीतही मंदपणे चालू राहते.

मेलॅनॉयडिने पाचक विकरांना बव्हंशी दाद देत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील सूक्ष्मजंतू त्यांचे अंशतः किण्वन करतात. पावाच्या कवचातील मेलॅनॉयडिनांमुळे बायफिडोबॅक्टीरिया या उपकारक जंतूंची वाढ होते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. याउलट अशाच विक्रियेतून निघणारी काही ग्लायकेशनजन्य संयुगे प्राण्यांच्या आतड्यातील जंतुसमूहात बिघाड व दाह घडवितात, असे काही प्रयोग सांगतात. मानवावरील निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यातच २००२ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांनी तळलेल्या व भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड दाखवून दिले. संभाव्य कर्कजनक मानले जाणारे हे द्रव्य ॲस्परजिनापासून बनते व ॲस्परजीन उसाच्या रसातही असते. कोलंबियातील पानेला व जपानमधील कोकुतो या गुळाच्या भावंडांत ॲक्रिलामाइड आढळले आहे.

काळा गूळ तेवढा औषधी, हा अलीकडच्या जाहिरातींतील दावा त्यामुळे ग्राह्य ठरत नाही. रसायनविरहित गूळ काळसर असतो हे बहुधा खरे. परंतु करपलेली काहीलही काळाच गूळ देते आणि केवळ डोळ्यांनी या दोहोंतील भेद कळत नाही. शिवाय गुळात सर्वाधिक प्रमाण सुक्रोजाचेच असते; तपकिरी संयुगांचा वाटा त्यापुढे अल्प होय.