घराच्या नावाने मागितलेली मते



आम्ही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. तेव्हा विषय इतिहासाचा असला तरी तो कामगारांत वावरणाऱ्याच्या नजरेने मांडणार आहोत.

जर्मनीत ‘कुटुंब पक्ष’ नावाचा एक चिमुकला पक्ष आहे. आईबापांना अल्पवयीन मुलांच्या वतीने मत देता यावे, ही त्याची एक मागणी. २०१४ साली युरोपीय संसदेच्या निवडणुकीत त्याला शंभरात पुरते एक मतही पडले नाही. तरी एक जागा मिळाली. ऐकून हसू येईल. परंतु घराच्या नावाने मते मागणारा पक्ष आपल्या देशातही होऊन गेला. स्वामी करपात्री यांनी १९४८ साली स्थापन केलेली रामराज्य परिषद ती हीच.

त्या काळी हिंदु कोड बिलाचा वाद पेटला होता. एकाच पत्नीचे बंधन, घटस्फोटाची वाट, मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा, या त्यातील ठळक गोष्टी. परिषदेचे म्हणणे असे की, विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे. मुलगी वाटा घेऊन परघरी गेली म्हणजे जमिनीचे तुकडे होतील आणि घर मोडेल.

महाराष्ट्राला हा सूर नवा नव्हता. १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर नेण्याचा कायदा झाला, तेव्हा परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असे लोकमान्यांनी बजावले होते. पण दुसरा प्रवाहही याच भूमीतला. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. हिंदु कायद्याच्या संहितेचा मसुदा करणाऱ्या राव समितीत पुण्याचे ज. र. घारपुरे होते. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंत दुसरी बायको करण्यास बंदी केली, आणि १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयात छागला व गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी तो कायदा उचलून धरला.

आता आपल्या नळदुर्गाकडे पाहा. येथून सोलापूर किती दूर? सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे इतके. पण सोलापूर मुंबई प्रांतात आणि नळदुर्ग निजामाच्या राज्यात. सोलापूरच्या सुनेला १९४६ साली जो कायदा लाभला, तो वेशीवर थांबला. बोरी नदीच्या काठी आला नाही. १९५५ साली हिंदु विवाह कायदा झाला, तेव्हा सोलापूरची सून आणि नळदुर्गची सून या बाबतीत एका पंक्तीला बसल्या.

त्याआधी बरेच घडले. बिल रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पाठोपाठच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत खुद्द नेहरूंविरुद्ध प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे साधू, हिंदु कोड बिलाला विरोध एवढा एकच प्रश्न घेऊन उभे राहिले आणि पडले. रामराज्य परिषदेला लोकसभेत तीन जागा मिळाल्या. १९५६ साली वारसा कायदाही झाला. परिषदेच्या पदरी १९६२ साली दोन जागा आल्या, आणि पुढे ती जनसंघात विलीन झाली.

परिषदेला सरसकट वेडे ठरवणे आम्हांस पटत नाही. गरिबाला पेन्शन नाही, विमा नाही. म्हातारपणी आणि आजारपणी एकत्र कुटुंब हाच त्याचा फंड. तो मोडेल ही भीती खोटी नव्हती. पण त्याच वर्षांत, १९४८ साली कामगार राज्य विम्याचा आणि १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. घराचा भार हलका करण्याची खरी वाट ती होती. परिषदेचे उत्तर मात्र एकच: मुलीने वाटा मागू नये. म्हणजे फंड सर्वांचा, आणि वर्गणी एकट्या लेकीची!

पक्ष संपला, त्याचे म्हणणे संपले काय? १९५६ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलांचाच ठेवला होता. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींना दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली साऱ्या देशात विवाहित मुलींनाही तो मिळाला, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप हयात नसला तरी हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले. आणि आपण काय करतो? बहिणीला बोलावतो, जेवू घालतो, साडीचोळी करतो आणि हक्कसोड पत्रावर सही घेतो.

हे दुसऱ्यांचे सांगत नाही. आमचे वडील गेले तेव्हा आमच्याही बहिणीने अशीच सही केली. मालकाचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका, असे कामगारांना आयुष्यभर सांगत आलो. आणि त्या दिवशी बहिणीने न वाचता सही केली, तेव्हा गप्प बसलो. तिने पुढे कधी बोल लावला नाही. दिवाळीला येते, राहून जाते. तिचे ते न बोलणेच आम्हांस बोचते.

म्हणून एवढेच मागणे आहे. आपल्या घरी असा प्रसंग येईल तेव्हा कागद आधी बहिणीला वाचून दाखवा. सोडते आहे ते किती, हे तिला कळू द्या. मग ती जे म्हणेल ते माना. घर त्याने मोडणार नाही.